दगडांमधल्या दरजा चुन्यानेच भरा

संपादक महोदय,

नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सरसकट ‘इंग्रजी अमदानीतले चर्च’ म्हटले जाते. चर्च १८५१चे. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते; डिसेंबर १८५३ मध्ये ते वारले आणि मग संस्थान खालसा झाले. म्हणजे परक्या राजधानीत मुक्कामाला असलेल्या गोऱ्यांचे हे प्रार्थनाघर.

हा घोळ नुसता सनावळीचा नाही. नागपुरात रेल्वे आली १८६७ साली, सिमेंट तर त्याहून कितीतरी नंतर. त्या काळची भिंत चुन्यात उठलेली असते. तरीही जुन्या दगडी वास्तूची डागडुजी निघाली, की आधी सिमेंटची गोणी फुटते. भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, बाहेर पडते. या दरजा सिमेंटने बुजवल्या की ओल दगडातून वाट काढते. काळा पाषाण तग धरतो. नागपूरजवळच्या सिलेवाड्याकडच्या वालुकाश्माला मात्र लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो, पोपडे सुटतात. दरजेतले सिमेंट शाबूत आणि भोवतालचा दगड झिजलेला, हे दृश्य तेव्हाच दिसते.

दरज हातछिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करावी. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा गेल्याच. मग धुऊन, भिजवून, एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली कन्हान नदीची रेती थराथराने दाबून भरावी; दगडाच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवावी. चुना आधी तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. कच्चा खडा राहिला, तर तो भिंतीत फुगून मसाला फोडतो. सतत ओल असलेल्या जागी थोड्या रेतीऐवजी सुर्खी, म्हणजे विटांची पूड, घालावी, पण जास्त भाजलेल्या विटांची नको. ती चुन्याला धरत नाही.

काम दिवाळीनंतर काढून शिवरात्रीच्या आत संपवावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यालाही ओलावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो नुसता वाळतो. नखाने खरवडला तरी भुगा पडतो. निदान आठवडाभर ओले गोणपाट टांगावे. त्याची मजुरी कुणी धरत नाही, ही खरी गोम.

तेव्हा अंदाजपत्रकात नुसते ‘पॉइंटिंग (दरजा भरणे), इतके चौरस मीटर’ न लिहिता मिश्रण, हत्यार, महिना आणि गोणपाटाचे दिवसही लिहावेत.

– काही वाचक, सदर, नागपूर