रविवारच्या बैठकीची सूचना : रेल्वेची खिशातली घड्याळे

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला, नेहमीच्या खोलीत. विषय : जुन्या अमेरिकी रेल्वे घड्याळांचा दर्जा आणि खुणा ओळखणे.

येताना :
– मशीनवरचा (आतल्या यंत्रावरचा) क्रमांक लिहून आणा. केसवरचा (बाहेरच्या कवचावरचा) नको, केस बदललेली असू शकते. मागच्या वेळी निम्म्यांनी तोच आणला होता!
– मशीनवर कोरलेले सगळे जसेच्या तसे उतरवा. नुसते ‘ॲडजस्टेड’ (वेळ जुळवलेले) पुरेसे नाही. ‘५ पोझिशन्स’ (घड्याळ पाच स्थितींत ठेवून जुळवलेले) आहे का पाहा.
– भिंग आणि मऊ कापड.

केसवर इंजिनाचे चित्र आहे म्हणून घड्याळ रेल्वेच्या दर्जाचे ठरत नाही. अमेरिकेत ओहायोतल्या किप्टनच्या १८९१ च्या रेल्वे अपघातानंतर या घड्याळांचे नियम कडक झाले : किमान १७ ज्वेल (यंत्रातले घर्षण कमी करणारे खडे), उघडी तबकडी (वर झाकण नसलेली), आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नाही. पुढे वेळ लावायला लिव्हर (छोटी दांडी) सक्तीची झाली. काचेची कडी काढली की तबकडीच्या काठाशी ही लिव्हर दिसते. नखाने हळूच ओढायची, चिमट्याने नाही.

नमुन्याला हॅमिल्टन कंपनीचे २१ ज्वेलचे ९९२ मॉडेल ठेवू. मागचे झाकण फिरत नसेल तर जोर लावू नका, तसेच आणा. खरेदी-विक्री बैठकीनंतर, बाहेर.