कागदाआधी बोलणं हवं

संपादक महाशय,

इंदुरात रामबाग, लोकमान्यनगरातल्या अनेक मराठी घरांत आई-वडील इथे आणि मुलं पुण्या-बंगळुरूला. मग वृद्ध कर्करोग्याला व्हेंटिलेटर लावायचा का, हे रात्री दोनला फोनवर ठरतं. फार क्रूर आहे हे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२३च्या आदेशानंतर ‘लिव्हिंग विल’, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, सोपं झालंय: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या माणसाचं नाव. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्यावी.

पण त्याआधी परिचारिकेने रुग्णाशी एकांतात बोलायला हवं. आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? कशाची भीती वाटते? ‘बाबांना सांगू नका’ म्हणणाऱ्या मुलांनाही वेळ द्यावा लागतो.

औषधांबद्दलही घरच्यांशी बोलावं लागतं. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची साधी गोळी सहसा दर चार तासांनी असते. घरचे ‘फार दुखलं तरच’ देतात, म्हणून वेदना पुन्हा उसळते. सोबत पहिल्या दिवसापासून, डॉक्टरांना विचारून, पोट साफ होण्याचं औषध हवंच. शेवटी गिळता येईनासं झालं की बळेच पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जातं. ओठ ओल्या कापसाने टिपावेत. घशात घरघर लागली तर कुशीवर वळवावं.

प्रत्येक कर्करोग विभागात या बोलण्यासाठी एक प्रशिक्षित परिचारिका नेमावी.

कर्करोग विभागातील परिचारिका, इंदूर