नाणे कुठे सापडले, तेही छापा

दुर्मीळ नाणी आणि टपाल तिकिटांच्या लिलावातील चढ्या बोलींची बातमी (आपल्या कालच्या अंकातील) वाचली. संग्राहकांची हौस वाढते आहे, हे चांगलेच. मी स्वतः त्यांपैकीच एक. मात्र बातमीत फक्त आकडे होते. नाणी आली कुठून, याविषयी एक ओळही नव्हती. लिलावगृहांच्या सूचींतही वजन, धातू, टांकसाळ, दुर्मीळता सगळे असते, सापडल्याचे ठिकाण बहुधा नसते.

ही माहिती क्षुल्लक नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. क्षत्रप घराण्यातील राजा नहपानाच्या या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा उमटवलेला होता. साठा एकत्र अभ्यासला गेला, म्हणून नहपानावरील सातवाहनांच्या विजयाचा एवढा ठसठशीत पुरावा हाती आला. तीच नाणी सुटी सुटी विकली गेली असती, तर ती निव्वळ ‘उत्तम स्थितीतील चांदीची नाणी’ ठरली असती!

जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. तो आजही लागू आहे. तेव्हा लिलावगृहांनी प्रत्येक प्राचीन नाण्यापुढे ते कोणाच्या संग्रहातून, केव्हापासून आले एवढे तरी छापावे. माहिती नसेल, तर ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहावे. बोली किती लावायची ते ग्राहक ठरवतील.

– एक नाणेसंग्राहक, नाशिक