वाहत्या कानाकडे दुर्लक्ष नको

माननीय संपादक,

ग्रामीण भागातील बहिरेपणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा मिरवणुकांतील डीजेपाशी येऊन थांबते. डीजेचा आवाज घातक आहेच. परंतु खेड्यांतील कितीतरी मुलांचे ऐकणे कमी करणारा कानफुटीचा आजार मात्र ‘मोठेपणी आपोआप थांबेल’ असे म्हणून सोडून दिला जातो.

लहान मुलांत नाकाची मागची बाजू आणि मधला कान यांना जोडणारी नळी आखूड व जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीचा संसर्ग सहज कानापर्यंत पोचतो, आत पू साचतो आणि त्याच्या दाबाने पडदा फुटून कान वाहू लागतो. पडदा फुटताच ठणका थांबतो, आणि इथेच घरच्यांची फसगत होते. वेळीच उपचार झाले तर पडदा बहुधा भरून येतो. पण कुपोषण, चुलीचा धूर, वारंवार होणारी सर्दी आणि बाळाला आडवे निजवून पाजण्याची सवय यांमुळे संसर्ग उलटत राहतो व छिद्र कायमचे होते. त्यात लसूण घालून कढवलेले तेल सोडले जाते, विहिरीत डुंबणे चालूच असते. पुढे कानातील नाजूक हाडांची साखळी झिजते, क्वचित संसर्ग मेंदूपर्यंतही जातो.

कानात कापसाचा बोळा असलेले, वास येतो म्हणून शेजारी कोणी न बसणारे आणि प्रश्न विचारला की चांगला कान पुढे करून शिक्षकांच्या ओठांकडे पाहणारे मूल मी माझ्या वर्गांत वर्षानुवर्षे पाहिले आहे. त्याला ‘ढ’ ठरवणे हा आपण त्याच्यावर केलेला दुसरा अन्याय होय.

मुलांतील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. तरीही शाळेतील तपासणीत डोळे-दात पाहिले जातात, तितक्या काळजीने कानात डोकावले जातेच असे नाही. शाळा तपासणीच्या प्रत्येक पथकाकडे कानाचा पडदा पाहण्याचे उपकरण असावे आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी कान-नाक-घसा तज्ज्ञ व श्रवणतज्ज्ञ ठरलेल्या वारी भेटावेत, ही माझी आरोग्य विभागाकडे मागणी आहे. मळणी यंत्राच्या वा यंत्रमागाच्या आवाजाने गेलेले ऐकणे परत येत नाही. पडद्याचे छिद्र मात्र शस्त्रक्रियेने बुजवता येते, म्हणून ही दिरंगाई अधिकच अक्षम्य वाटते.

पालकांनीही वाहत्या कानात तेल, काडी वा पिन घालू नये, आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस ठेवून कान कोरडा राखावा आणि ठणका थांबला तरी मुलाला डॉक्टरांना दाखवावेच.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, अकोले