सुरतेचे गोरे मकबरे

प्रिय मिलिंद,

पुतणीचं लग्न सुरतेला, म्हणजे खमण-लोचो होईलच. पण कतारगाम दरवाज्याकडचं जुनं इंग्रज कबरस्तान चुकवू नकोस. मुहूर्ताच्या दिवशी कोणी जाऊ देणार नाही, आदल्या दिवशीच उरकून घे.

सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ ची लूट आठवते. मुघल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला, पण इंग्रजांनी आपली वखार लढून राखली. त्या वखारीचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन इथंच पुरलाय. औरंगजेबानं खूश होऊन इंग्रजांना जकातीत सूट दिली. १६६९ मध्ये ऑक्झेंडन गेला, त्यामुळे महाराजांची १६७० ची दुसरी स्वारी काही त्यानं पाहिली नाही. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला.

जॉर्जचं थडगं कसलं, मकबराच तो! दुमजली, जाडजूड खांब, वर घुमट. माझ्या मते हा निव्वळ बडेजाव. अमीर-उमरावांच्या शहरात पत राखायची तर मेल्यावरही थाट हवा. जॉर्जचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, त्याचंही थडगं तिथंच. त्याच्यासाठी लिहिलेला लॅटिन मृत्युलेख म्हणजे चक्क खतावणी : हिशोबात त्याला वर्षं नाही, दिवसच मांडता आले, मालकांनी नोकर गमावला, आम्ही सोबती, त्यानं जीव, पण जमेच्या बाजूला तो 'मरण' लिहू शकतो. व्यापारी तो व्यापारीच!

डचांचं कबरस्तानही तिथून लांब नाही. त्यात मलबारच्या डच वसाहतीचा एकेकाळचा प्रमुख व्हान ऱ्हीड याचा मकबरा आहे. इंग्रजांवर कडी करायला बांधला म्हणतात, आणि बघितल्यावर ते खरं वाटतं. हा १६९१ मध्ये मुंबईजवळ जहाजावर वारला, पुरला मात्र सुरतेला.

मला या सगळ्यांत हाच माणूस जवळचा वाटतो. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा 'हॉर्टस मलबारिकस' त्यानं करवून घेतला. त्यात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे कोचीनचे तीन कोंकणी वैद्यही होते. १६७८ च्या पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र कोंकणीत, नागरी अक्षरांत, ॲमस्टरडॅमला छापलंय! ते पान नेटवर सापडतं. काकू कारवारच्या, त्यांना दाखव आणि त्यातलं किती लागतं ते मला कळव.

तुझा,
श्रीकांत