वकील नंतर, आधी ड्रमवरचं लेबल

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘रासायनिक दुखापत झाल्यास काय कराल?’ हा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर बदलला असावा. ‘अशा प्रकरणांतल्या निष्णात वकिलाला ताबडतोब गाठा, खटला जिंकल्याशिवाय ते फी घेत नाहीत’ असं त्यात लिहिलं आहे. असा वकील कल्याण कोर्टाच्या आवारात कुणी दाखवला तर त्याला मी महिनाभर डबा फुकट देईन. (माझं पोळी-भाजी केंद्र आहे, शब्द पाळीन.) निकालावर फी ठरवायला आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. ही पद्धत अमेरिकेतली, आणि लेखही तिकडूनच उचललेला दिसतो. सोबतच्या फोटोत पिवळा सूट आणि तोंडभर मास्क घातलेला गोरा गृहस्थ आहे, तोही तिकडचाच. आमच्या एमआयडीसीत मास्क म्हणजे नाकाला बांधलेला रुमाल, तोही घरून नेलेला.

आमचे हे कंत्राटी कामगार होते. ऑगस्ट २०१४, सेकंड शिफ्ट. डीएमएसचा, म्हणजे डायमिथाइल सल्फेटचा, ड्रम रिकामा करताना होजचं कपलिंग सुटलं. अंगावर काही उडालं नाही, नुसती वाफ लागली. या रसायनाला धड वासही नसतो, कांद्यासारखा पुसटसा येतो म्हणतात. यांना तोही आला नाही. तोंड धुतलं, शिफ्ट संपवली, सायकलवरून घरी आले, आमटी-भात जेवून झोपले. पहाटे चारला मला हलवून उठवलं तेव्हा घशातून आवाज फुटत नव्हता आणि डोळे सुजून मिटले होते. सहापर्यंत धाप लागली. डीएमएस असंच असतं. कित्येक तास काही दाखवत नाही, मग फुप्फुसात पाणी भरायला लागतं. हे मला आज माहीत आहे. त्या पहाटे मी हळद-दूध गरम करत बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘कशाची वाफ लागली?’ यांना बोलता येत नव्हतं आणि प्लँटमध्ये सगळ्याला कोड नंबर, त्यामुळे मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, ‘वहिनी, काल फक्त साफसफाई होती.’ मग त्या पोरगेल्या डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं: खोकला, दम, घसा दुखणे, बिडी ओढतो. हो, ओढायचे. दिवसाला चार. त्या चार बिड्या पुढची सहा वर्षं आमच्याविरुद्ध साक्षीला उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी यांच्या बरोबरचा एक जण भेटायला आला. दोन मोसंबी टेबलावर ठेवली आणि खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. रिकामा ड्रम भंगारात जायच्या आधी त्याने पाणी लावून लावून त्यावरचं लेबल सोडवलं होतं. कवटीचं चित्र, रसायनाचं नाव, बॅच नंबरातले चार आकडे, एक कोपरा फाटलेला. मी ते कालनिर्णयच्या ऑगस्टच्या पानामागे भाताच्या शितांनी चिकटवून ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. टाकवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस पाकीट घेऊन आला. पंधरा हजार रुपये आणि ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असा टाइप केलेला कागद. यांनी सही केली. मीच म्हटलं करा, तोवर औषधांचेच बावीस हजार झाले होते. हक्क सोडल्याचा असला कागद कायद्यापुढे टिकत नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली. तुमच्या लेखात ते एका ओळीत सांगता आलं असतं.

वकील केला. माणूस सज्जन, पण कामं सगळी सोसायटीच्या कन्व्हेयन्सची, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची. त्यांनी ठाण्याला कामगार न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. दोन वर्षं सात महिने तारखा झाल्या. मग समोरचे वकील उठून म्हणाले, कारखान्याला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, लागू आहे, सबब दावा इथे चालत नाही. आम्ही म्हटलं, अहो, ठेकेदाराने यांचं कार्डच काढलं नव्हतं! तर त्याने फरक पडत नाही म्हणे. कार्ड नसलं, वर्गणी भरली नसली, तरी कामगार विमाधारकच, आणि विमाधारकाला ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे दुसरीकडे भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा तसा निकालच आहे. कार्ड काढलं नाही ठेकेदाराने, दार चुकलं आमचं. शेजारच्या काकांनी हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणारं न्यायपीठ, सुचवला होता, तेही पाहिलं. तिथे कुणाचा दोष सिद्ध न करता भरपाई मिळण्याचं जे कलम आहे, त्यात कंसात ‘कामगार सोडून’ असे शब्द आहेत. म्हणजे तीच वाफ भिंतीपलीकडे जाऊन रस्त्यावरच्या माणसाला लागती, तर गोष्ट वेगळी.

तुमच्या लेखात ईएसआय हा शब्द एकदाही आलेला नाही. मी शोधला.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायदा दुरुस्त झाला आणि कलम १११-अ आलं. कामगाराने आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडे मागायची, त्याने द्यायची. मी तीन वेळा गेटवर पत्र घेऊन गेले. वॉचमन पत्र घ्यायला तयार, पोच द्यायला नाही. आता नव्या कामगार संहिता आल्या म्हणतात, कलमांचे आकडे बदलले असतील. वॉचमन तोच असेल.

शेवटी ईएसआयच्या मेडिकल बोर्डापुढे उभे राहिलो. फाइल उघडली, वरच केसपेपर, केसपेपरवर बिडी. मी पिशवीतून कालनिर्णयचं पान काढलं. तिघांतल्या वयस्कर डॉक्टरांनी चष्मा पुसून लेबल वाचलं आणि इतक्या वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न विचारला, ‘वाफ लागल्यावर किती तासांनी आवाज बसला?’ यांनी बोटं दाखवली. सात. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. तीस टक्के अपंगत्व मिळालं. महिन्याला जे येतं त्यात वाण्याचं बिल निघत नाही, पण येतं.

फुकट वकिलाचंही सांगते, कारण तेही तुमच्या लेखात नाही. चौथ्या वर्षी कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या रांगेत उभी असताना पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेला एक बोर्ड वाचला. विधी सेवा प्राधिकरणाचा. महिला, औद्योगिक कामगार, औद्योगिक आपत्तीत सापडलेले, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील. कायदा १९८७ चा, कलम १२, फोन १५१००. मी बाई, हे कामगार, दोन्ही बाजूंनी बसत होतो. तोवर एक लाख चाळीस हजार देऊन झाले होते.

आमच्या एमआयडीसीत मे २०१६ ला स्फोट झाला, मे २०२४ ला झाला, तेव्हा तुमचे वार्ताहर आमच्या गल्लीत मावत नव्हते. आमच्या खिडकीच्या काचांचासुद्धा पंचनामा झाला. एका माणसाला वाफ लागली तर त्याची चौकटीएवढीही बातमी होत नाही, ते एक असो. पण मागच्या वर्षी नाल्यातल्या सांडपाण्यावर मी लिहिलेलं पत्र तुम्ही अर्धं कापलंत आणि सही मात्र पूर्ण छापलीत. या वेळी उलट करावं ही विनंती. माझ्या दिरांचा मुलगा अजून त्याच फेजमध्ये कामाला आहे.

लेबल माझ्याकडे आहे. फोटो हवा असल्यास पाठवते, त्या पिवळ्या सूटवाल्याच्या जागी चालेल.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)