आई, बाबांची हॅवरसॅक आधी बांध

तीर्थरूप आईस,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की तू "बघू गं" म्हणतेस आणि लगेच पिल्लूच्या खोकल्याचं विचारतेस, म्हणून लिहायला बसले. बिल्डिंग पाडून नवी बांधणार, म्हणून दिवाळीच्या आत रिकामी करायची आहे. दादाचं आणि माझं बोलणं झालंय, ह्यांचंही तेच म्हणणं आहे. ठाण्यात, नौपाड्यात भाड्याच्या खोल्या शोधत फिरायचं नाही. तू आमच्याकडे नाशिकला येणार आहेस. बिल्डरकडून येणारं भाडं तुझ्या खात्यात जाईल, त्याला कुणी हात लावणार नाही. नवी जागा तुझ्याच नावावर आहे, आणि करार दादाने वकिलाकडून नीट वाचून घेतलाय. तेव्हा घर मोडतंय असं मनात आणू नकोस. भिंती जुन्या झाल्या होत्या आई. मागच्या खोलीचं छत बाबा असतानाच गळत होतं.

लेकीच्या घरी कसं राहायचं, हे तू बोलून दाखवत नाहीस, पण मला कळतं. आजीचे शब्द तुझ्या मनात पक्के बसलेत. बाबांनी मात्र हे कधी मानलं नाही. आमच्याकडे आले की चहा घेऊन लगेच पिशवी उचलायचे आणि जावयाला म्हणायचे, "चला, भाजी कुठे चांगली मिळते ते दाखवा." आणि कायमचं म्हणतंय कोण? इमारत उभी राहीपर्यंत ये. पुढचं तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही.

पण तीन मजले, लिफ्ट नाही, आणि तुझे गुडघे. या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावर तुला घेरी आली आणि तू पायरीवर बसून राहिलीस, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. तू सांगितलं नाहीस. त्यानंतर रात्री मला धड झोप नाही.

तुझा पाय खरा कशात अडकलाय तेही ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. आता टॉवरच्या मधून जेमतेम पट्टीएवढा दिसतो, तरी तू रोज सकाळी तिथे उभी राहतेस. रविवारी पहाटे बाबा आपल्याला उठवायचे, उपवनला बसमधून उतरून चालत वर. तुझ्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, त्यांच्या हॅवरसॅकमध्ये पाणी, दुर्बीण आणि माझा जादा स्वेटर. त्यांच्या ग्रुपमधले काका किल्ले मोजायचे. बाबा आपल्याला मोजायचे. प्रत्येक वळणावर थांबून, "सगळे आले ना?" कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर तू पदर खोचून पुढे, आणि तुझ्यामागे एकेका पायरीवर ते. वर पोचल्यावर दादाला आणि मला म्हणायला लावलं होतं, "1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच!" आणि तू देवीला कुंकू वाहत होतीस तेव्हा ते वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभे होते. एकटं डोंगरात जायला त्यांना आवडायचंच नाही. घरी कुणी आजारी असलं की जाणं रद्द, वर तोंड वाकडंही नाही.

एक गोष्ट तुला तेव्हा नीट सांगितली नव्हती, तू रडशील म्हणून. आता सांगते. 2024 च्या सप्टेंबरात येऊरला कारवीची झुडपं फुलली तेव्हा तू "मला नाही यायचं" म्हणालीस. आम्ही गेलो होतो. 2000 साली बाबांनी माझ्या रेनकोटची बटणं लावत सांगितलं होतं, "एकही फूल तोडायचं नाही, आठ वर्षं थांबून आलंय ते." 2008 ला दादाची परीक्षा तोंडावर असताना त्यालाही ओढून नेलं. 2016 ला ते दमत होते, काठी तुझ्या हातात आणि त्यांचा हात तुझ्या खांद्यावर. या वेळी तोच उतार जांभळा-निळा झाला होता आणि मधमाश्यांचा नुसता घूं घूं आवाज. ह्यांच्या खांद्यावर बसलेल्या पिल्लूला मी सांगितलं, की हे झाड एकदाच फुलतं आणि मग वाळून जातं, वाळलेली बोंडं तडतड फुटून बी उडतं आणि पावसात पुन्हा रुजतं. तो म्हणाला, "हे आजोबांना माहीत होतं?" मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलंय मला." घरी येईपर्यंत तो प्रत्येक वळणावर "सगळे आले ना?" विचारत होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आई. माझ्याच तोंडून कधीतरी ऐकलं असणार.

नाशिकलाही त्यांचं खूप काही आहे. नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आठवतं ना? 2020 मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे जगाच्या दृष्टीने महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातली अशी ती पहिलीच जागा. ती बातमी त्यांनी कापून तुमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. ती हळूच काढ, फाडू नकोस. थंडीत तिथे चक्रवाक येतात, थापट्या, तलवार बदकं. सगळी सपाट वाट आहे, चढ नाही. घडीची खुर्ची गाडीत ठेवू, तू बसून बघ.

तुझी खोली तळमजल्यावर आहे, सकाळचं ऊन येतं. बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे बसवलेत, कमोड आहे, गीझर आहे. देवघराला पूर्वेची भिंत ठेवलीये. तुझा पोळपाट आणि लोखंडी तवा आण, आमच्या तव्यावर तुला भाकरी जमणार नाही. सार्वजनिक वाचनालयाचं, आपल्या सावानाचं, सभासदत्व तुझ्या नावाने घेतलंय. 1840 पासूनचं आहे ते, पुस्तकं संपायची नाहीत. भिशीच्या बायकांची आठवण आली तर सकाळी पंचवटी एक्सप्रेसने ठाणे, संध्याकाळी त्याच गाडीने परत. मी सोडायला येईन. आणि साडेपाचला उठून खडखड केलीस तरी कुणी काही म्हणणार नाही. मला तर त्या आवाजानेच जाग यायला हवी आहे.

आता नीट ऐक. माळ्यावरचं काहीही स्वतः काढायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. वॉचमनच्या मुलाला बोलाव, त्याला मी सांगून ठेवलंय. बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, आठवेल तेव्हा नाही. डॉक्टरांच्या फायली वेगळ्या पिशवीत ठेव. स्टीलची भांडी वाटून टाक, पितळेची आण. बाबांची हॅवरसॅक, दुर्बीण आणि पक्ष्यांच्या नोंदींच्या वह्या सगळ्यात आधी बांध, आणि ती बॅग टेम्पोत टाकू नकोस, आपल्या गाडीत मांडीवर घ्यायची. त्यांचे बूट कुणाला द्यायचे की ठेवायचे ते तू ठरव. द्यावेसे वाटले नाहीत तर मुळीच देऊ नकोस.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं गाडी घेऊन येतोय. दशम्या करत बसू नकोस, वाटेत कसाऱ्याच्या पुढे खाऊ काहीतरी. बरं, पिल्लूपुरत्या कर. आणि चटणी थोडी जास्त.

तुझी,
छोटी